माग तोच, कापड नवं

   

आपल्या मालेगावात यंत्रमागाचा आवाज कुणाला नवीन नाही. रात्रंदिवस खटखट, खटखट! पण घरातल्या आजी-आजोबांना एक गोष्ट जरूर विचारा. पूर्वी इथल्या मागांवर रंगीत लुगडी मोठ्या प्रमाणावर विणली जायची. पुढे नऊवारी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या, लुगड्यांची मागणी घटली. मग त्याच गावातले माग कोरं कापड विणू लागले. कारागीर तेच, गावही तेच. बदललं काय? आधी कशाला महत्त्व द्यायचं, ते बदललं.

संगणकाच्या जगातही अगदी असंच होतं, बरं का. ते कसं, तेच आज पाहू.

संगणक किंवा मोबाइल सुरू केला की आत एक कारभारी जागा होतो. कोणतं बटण दाबलं, पडद्यावर काय दाखवायचं, कुठल्या कामाला किती जागा द्यायची, हे सगळं तो बघतो. या कारभाऱ्याचं नाव ऑपरेटिंग सिस्टिम. काही कारभारी बंद डब्यातल्या मसाल्यासारखे असतात. भाजीला चव येते, पण आत काय आणि किती घातलंय ते कंपनीलाच ठाऊक. दुसरे असतात आजीच्या काळ्या मसाल्यासारखे. कृती वहीत लिहिलेली. कुणीही वाचावी, करून बघावी, आपल्या आवडीप्रमाणे मिरची कमी करावी आणि नवी कृती शेजारणीलाही द्यावी. अशा सॉफ्टवेअरला मुक्त स्रोत म्हणतात. लिनक्स हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव.

१९९१ साली फिनलंड देशातल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. त्याच्या घरच्या संगणकात ३८६ नावाची चिप होती. त्या चिपसाठी त्यानं लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांना खुला केला. जगभरातून हात लागले. आज अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा असतो. म्हणजे घरात संगणक नसला, तरी बाबांच्या खिशात लिनक्स असण्याची शक्यता भरपूर!

आता गंमत ऐका. २०१२च्या डिसेंबरात त्याच लिनक्समधून ३८६ चिपचा आधार काढून टाकायचं ठरलं. ज्या अंगणात बाळ रांगलं, तेच अंगण सोडलं म्हणा ना! का बरं? कारण त्या जुन्या चिपसाठी खास वेगळी तजवीज ठेवावी लागे. नवं काही जोडलं की ते तिथंही चालतंय ना, हे पाहावं लागे. वापरणारे उरले होते मोजके, आणि काम करणारे हात काही अमर्याद नसतात. एक काम हातात घ्यायचं तर दुसरं खाली ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट उबुंटूची. लिनक्सवर उभी असलेली ही यंत्रणा २००४ साली आली. साध्या माणसाला सोपा जावा असा टेबलावरचा संगणक, हा तिचा पहिला हेतू. पुढे स्मार्टफोनचे दिवस आले. उबुंटू चालवणाऱ्या कंपनीला वाटलं, फोन, टॅबलेट आणि संगणक या तिघांसाठी एकच यंत्रणा का नको? २०११ मध्ये त्यांनी पडद्याचं रूपच पालटलं. त्या नव्या रूपाचं नाव युनिटी. २०१५ मध्ये युरोपात उबुंटूचा फोनही विकायला आला. पण फोन बनवणारे आणि घेणारे पुरेसे मिळाले नाहीत. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीनं फोनचं काम थांबवलं, युनिटीही बाजूला ठेवली आणि संगणकासाठी पुन्हा ग्नोम नावाचं रूप घेतलं.

मग तो फोनचा प्रकल्प कचऱ्यात गेला का? नाही! कृती खुली होती ना. यूबीपोर्ट्स नावाच्या स्वयंसेवकांच्या गटानं ती उचलली आणि काम पुढे चालू ठेवलं. तसंच २०११ मध्ये ग्नोमनंही आपलं जुनं रूप बदललं, तेव्हा ज्यांना ते जुनंच आवडत होतं त्यांनी ते माटे या नव्या नावानं जिवंत ठेवलं. बंद डब्यातला मसाला कंपनीनं बंद केला की संपला. खुल्या कृतीचं तसं नसतं.

तिसरी गोष्ट तर आपल्या घराघरातली. फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिला संस्थेनं स्वस्त फोनसाठी फायरफॉक्स ओएस ही मुक्त यंत्रणा केली. ऑगस्ट २०१४ मध्ये तिच्यावर चालणारा इंटेक्स कंपनीचा फोन भारतात १,९९९ रुपयांना आला. पण डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलानं फोनचा नाद सोडायचं जाहीर केलं. तिच्या खुल्या कृतीवरून पुढे कायओएस तयार झाली. २०१७ साली जाहीर झालेला बटणांचा जिओफोन आठवतोय? १,५०० रुपये अनामत ठेवून मिळणारा? त्याच्या आत हीच कायओएस होती! एकानं टाकून दिलेला धागा दुसऱ्यानं उचलला आणि तो भारतातल्या खेड्यापाड्यात पोहोचला.

पण थांबा, इथं एक गाठ आहे. ज्या आजींनी या बटणांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप वापरायला शिकून घेतलं, त्यांचं पुढे काय झालं? २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं कायओएसच्या फोनवर नव्यानं मिळणं बंद केलं. फोनची बटणं शाबूत, पडदा शाबूत, तरी हवं ते मिळेना. यंत्रणा खुल्या कृतीवरून तयार झाली होती, पण व्हॉट्सअ‍ॅपची कृती खुली नव्हती. म्हणून नुसता कारभारी मुक्त असून भागत नाही. त्याच्यावर चालणारी कामं कुणाच्या हातात आहेत, हेही पाहावं लागतं.

आणि आपल्या मराठीचं काय? तिचीही गोष्ट यात आहे. पडद्यावर मराठी दिसायला फाँट लागतो, म्हणजे अक्षरांचा संच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीनं तयार केलेले भारतीय भाषांचे फाँट रेड हॅट कंपनीनं २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुले केले. त्यांचं नाव लोहित, म्हणजे लाल. लाल टोपी हे नाव असलेल्या कंपनीला शोभलं की नाही? पण फाँट म्हणजे फक्त अक्षरं. ‘उघडा’, ‘जतन करा’, ‘बंद करा’ ही वाक्यं कुणीतरी बसून मराठीत लिहावी लागतात. प्रत्येक नव्या आवृत्तीत नवी वाक्यं येतात. ती कुणी मराठीत केली नाहीत, तर पडद्यावर अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी अशी खिचडी होते. कुणी मराठीला मुद्दाम हाकलत नाही, बरं का. हात कमी पडतात, एवढंच. आणि जिथं हात कमी, ते काम यादीत खाली सरकतं.

पालकहो, आता दोन शब्द तुमच्याशी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. घरातला जुना संगणक त्यामुळे भंगारात घालायची घाई नको. लिनक्स मिंटसारख्या यंत्रणेचं हलकं रूप बऱ्याच जुन्या संगणकांवर नीट चालतं, आणि ते फुकट मिळतं. मात्र आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा. मग जाणकाराला सोबत घेऊन पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहा. प्रिंटर चालतो का, मराठी नीट टाइप होतं का, तुमचं रोजचं काम होतं का, हे तपासा आणि मगच ठरवा. फार जुना संगणक असेल तर तिथंही आधार आटत चाललाय. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सनं ३२ बिटच्या जुन्या संगणकांवर नव्यानं बसवायची सोय बंद केली.

तर मुलांनो, एखादी सोय बंद झाली की नुसतं हळहळू नका. तीन प्रश्न विचारा. हे कुणी ठरवलं? का ठरवलं? आणि ज्यांना ती सोय अजून हवी आहे, त्यांना ती स्वतः चालू ठेवायची मुभा आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर वाट उघडी आहे. चालायला मात्र कुणीतरी लागतं. उद्या ते तुम्हीही असाल!

करून पाहा : घरातल्या मोठ्यांना विचारून मोबाइलची भाषा एका दिवसासाठी मराठी करा. वहीत दोन रकाने आखा. एकात पटकन समजलेले मराठी शब्द लिहा, दुसऱ्यात अवघड वाटलेले किंवा इंग्रजीच राहिलेले. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक शब्दासाठी तुमच्या घरात बोलतात तसा सोपा मराठी शब्द सुचवा. उर्दू शाळेतल्या मित्रमैत्रिणींनाही सांगा, त्यांनी उर्दूत हेच करावं. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहा. कुणाचा दुसरा रकाना लांब निघतो?