उन्हाळा, गोगलगाय आणि यकृतकृमी

थंडीच्या दिवसांत काही गावांतील गाई-म्हशी चारा पुरेसा असूनही खंगू लागतात. अंगावरील तुकतुकी जाते, दूध घटते, पातळ हगवण लागते आणि जबड्याखाली पाणी साचून सूज येते. ही लक्षणे बहुधा यकृतातील चपट्या कृमींची असतात. हा रोग एका जनावराकडून दुसऱ्यास थेट होत नाही. पाण्यातील लहानशी गोगलगाय हा त्यातील मधला दुवा होय. युरोपातील यकृतकृमीचा हा दुवा इंग्लंडात टॉमस व जर्मनीत लॉयकार्ट यांनी १८८१ ते १८८३ या काळात उघडकीस आणला. आपल्याकडील यकृतकृमीचा आश्रय लिम्निया जातीची गोगलगाय आहे. संथ, पाणवनस्पतींनी भरलेले व बारमाही टिकणारे पाणी तिला मानवते.

रोगी जनावराच्या शेणातून कृमीची अंडी पाण्यात पडतात. उबदार हवेत सुमारे दोन-तीन आठवड्यांनी त्यांतून सूक्ष्म अळी निघते. सुमारे एका दिवसात तिला गोगलगाय न सापडल्यास ती मरते. सापडल्यास मात्र त्या एका अळीपासून गोगलगाईच्या शरीरात शेकडो नव्या अळ्या तयार होतात. त्या बाहेर पडून काठच्या गवतावर व भाताच्या बुंध्यावर कवच करून बसतात आणि चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातात.

या व्यवहारात गोगलगाईचेही मोठे नुकसान होते, ही गोष्ट आपण क्वचितच विचारात घेतो. कृमीच्या अळ्या तिची पाचकग्रंथी व प्रजननग्रंथी पोखरतात. अंडी घालण्याची तिची शक्ती घटते किंवा अजिबात नष्ट होते आणि शरीरातील अन्नसाठा संपत जातो. पाणी मुबलक असेपर्यंत अशी गोगलगाय कशीबशी तग धरते. परंतु पाणी तापले अथवा आटले म्हणजे तिची खरी परीक्षा होते. निरोगी गोगलगाय ओल्या चिखलात दडून काही काळ काढू शकते. पोखरलेल्या गोगलगाईपाशी तेवढे बळ उरलेले नसते. १९५० नंतरच्या दशकात ब्राझीलमधील संशोधकांनी रक्तकृमीच्या गोगलगाईंवर प्रयोग केले. कृमीची वाढ पूर्ण झालेल्या गोगलगाई कोरड्यात लवकर मेल्या. ज्यांच्यात कृमी नुकताच शिरला होता, त्यांपैकी काही मात्र जगल्या. त्यांच्या पोटातील कृमीची वाढ थांबून राहिली व पाणी मिळताच पुन्हा सुरू झाली.

यावरून आम्ही दोन निष्कर्ष काढतो. पहिला असा की, कडक उन्हाळा हा शेतकऱ्याचा बिनखर्चाचा साहाय्यक आहे, कारण तो आधी रोगट गोगलगाईंना गाठतो. दुसरा असा की, तो एकटा पुरा पडत नाही. “तळे आटले, आता रोग संपला” असे म्हणून स्वस्थ बसणे ही चूक आहे. थोड्या गोगलगाई उरतात आणि पहिल्या पावसानंतर रोगी जनावराच्या शेणाने त्या पुन्हा दूषित होतात.

आमची खरी तक्रार निराळी आहे. उन्हाळ्याला त्याचे काम आपणच करू देत नाही. कालव्याच्या पाझराचे डबके, हातपंपाभोवतीचा चिखल, गळक्या हौदाखालची ओल ही स्थळे ऐन वैशाखातही ओली राहतात. तेथे रोगट गोगलगाईस सुखाने दिवस काढता येतात आणि तहानलेली जनावरेही नेमकी तेथेच जमतात. इंग्लंडात १८७९ चा उन्हाळा अतिशय ओला गेला. त्या व पुढील वर्षात तेथे यकृतकृमीने सुमारे ३० लाख मेंढ्या दगावल्या. ती ओल निसर्गाने दिली होती. आपल्या गावातील ओल मात्र आपल्या हलगर्जीपणाची आहे.

तळ्यात मोरचूद टाकावा, असे काही जण सुचवितात. त्याने गोगलगाई मरतात, पण मासेही मरतात. म्हणून पुढील उपाय आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतात. फाल्गुन-चैत्रात गावातील अशा ओल्या जागांची पाहणी करावी. चर काढून पाणी वाहून न्यावे, खड्डे बुजवावेत, गळती बंद करावी. जनावरांना काठावर न नेता कोरड्या ओट्यावरील हौदात पाणी पाजावे. शेण पाण्याकाठी न टाकता खताच्या खड्ड्यात कुजवावे. त्या उष्णतेने कृमीची अंडी मरतात. पाऊस सुरू होण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावरांचे शेण तपासून घ्यावे व पशुवैद्यांच्या सल्ल्याने कृमिनाशक द्यावे, म्हणजे उरलेल्या गोगलगाईंपर्यंत नवी अंडी पोचणार नाहीत. पेंढा चांगला वाळवूनच जनावरांस घालावा.

यांपैकी चर खणण्याचे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही. कारण एकाचे डबके सर्वांच्या गोठ्यास बाधते. ग्रामकार्यकर्त्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडून उन्हाळ्यातील दोन-चार दिवस श्रमदानासाठी ठरवून घ्यावेत. चैत्रात मारलेली चार फावडी मार्गशीर्षात गोठ्यातील दुभते जनावर वाचवतील, असा आमचा विश्वास आहे.