प्रयोगाआधीच नाटकावर कात्री कशासाठी?

१७२८ मध्ये जॉन गे यांचे ‘द बेगर्स ऑपेरा’ लंडनच्या रंगमंचावर आले. पात्रे चोर-दरोडेखोरांची, पण प्रेक्षक हसत होते ते पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोल यांच्या कारभाराला. पहिल्याच हंगामात ६२ प्रयोग झाले. पुढचा भाग ‘पॉली’ मात्र रंगमंचावर येऊच दिला नाही. (गे यांनी तो छापून विकला आणि चांगले पैसे कमावले!)

हेन्री फील्डिंग यांनी तर आणखी उघडपणे टोप्या उडवल्या. अखेर १७३७ मध्ये कायदा झाला: नव्या नाटकाची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेनकडे द्यायची, परवानगी मिळाली तरच प्रयोग. निमित्त होते ‘द गोल्डन रम्प’ या कधीच न झालेल्या नाटकाचे. ते वॉल्पोल यांनीच लिहून घेतले असावे, असा संशय आजही आहे.

फील्डिंग वकिलीकडे आणि कादंबरीकडे वळले. ‘टॉम जोन्स’ मिळाली म्हणून कायद्याचे आभार मानायचे का? बंदी घातली की निदान गाजावाजा होतो. पूर्वपरवानगीत मात्र लेखक घरीच धारदार वाक्य खोडतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

ब्रिटनने ही पद्धत १९६८ मध्ये मोडीत काढली. गे यांचे कथानक ब्रेख्तमार्गे पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’पर्यंत पोहोचले. त्याच मराठी रंगभूमीवर संहिता आजही आधी परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. ती अट रद्द व्हायला हवी.