शिंगटी कोणाची?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने माशावर लेख लिहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. वाटो! ज्या माशाच्या शास्त्रीय नावात आपला मराठी शब्द जाऊन बसला आहे, त्यावर मराठीच्या विद्यार्थ्याचाही थोडा हक्क पोचतोच.

हा मासा म्हणजे नदीतली शिंगटी. वीतभर लांब, अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या आणि बोटात रुतणारे काटे. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांचे वर्णन करताना १८३९ साली या जातीला 'सींगटी' हेच नाव दिले. नाव इथल्या लोकांचे. त्याने ते फक्त रोमन लिपीत उतरविले.

पुढे पंडितांनी ही जातच मोडीत काढली. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील 'कॅव्हेसियस' नावाची अशीच एक जात वर्णिली होती. शिंगटी तिच्यातच जमा झाली. २००५ साली चक्रवर्ती आणि इंग या संशोधकांनी ठिकठिकाणचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा कुठे ती पुन्हा स्वतंत्र ठरली.

नावाने काय बिघडते? पुष्कळ बिघडते. गंगेपासून कृष्णेपर्यंत मासा एकच असेल, तर आपल्या नदीतून तो नाहीसा झाला तरी यादीत सुखरूप राहतो. तो इकडचाच असेल, तर मग जाईल तो कायमचाच. नदीत मैला सोडणाऱ्या आपल्या शहरांना हा हिशेब कोणी सांगावा?

तरीही 'भोयांना सारे ठाऊक होते' असा जयघोष मी करणार नाही. शिंगटी हा शब्द एकाच जातीला बांधलेला नाही; तिच्या भावंडांनाही लोक तेच म्हणतात. ओळख पटवायची तर मासा हातात घ्यावा लागतो. मिशी मागे कुठवर पोचते, पाठीवरचा मांसल पर किती लांब, काट्याला दाते कसे, डोक्यावरची खाच कुठे संपते, हे पाहावे लागते. नुसत्या छायाचित्रावरून छातीठोकपणे नाव सांगणाऱ्यांचे मला कौतुक वाटते, विश्वास वाटत नाही.

आणि आपण? बोलीतले शब्द गोळा करतो आणि पुढे अर्थ लिहितो, 'एक प्रकारचा मासा'. झाले! पुढच्या खेपेस नदीकाठी जाताना वहीबरोबर फूटपट्टी न्यावी, विज्ञान शाखेतला एखादा मित्र न्यावा, आणि भोईबाबांनी सांगितलेल्या नावापुढे मिशीची लांबीही लिहावी.