घरातले विज्ञान : कातडीचाही सामू असतो



मातीचा नमुना तपासून आणला की अहवालात सामूचा आकडा असतोच. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल आणि त्यावर विम्ल, हे आपणांस ठाऊक आहे. १९०९ साली डेन्मार्कच्या सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी सुचवली. तिच्यात एक अंक चढला की फरक दहापट होतो.

पण आपल्या हाताच्या कातडीलाही सामू असतो, हे किती जणांना माहीत आहे? निरोगी कातडीचा वरचा थर किंचित आंबट असतो. सामू साधारण ५. घाम आणि अंगचे तेल यांमुळे हा थर टिकतो, आतला ओलावा धरून ठेवतो आणि रोगजंतूंना आवरतो.

अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. म्हणजे कातडीपेक्षा चार अंकांनी, दहा हजार पटींनी जास्त! धुण्याचा सोडा ११ च्या आसपास, तर चुन्याची निवळी १२ च्याही वर.

याचा पडताळा घरीच घ्या. पांढऱ्या कागदावर हळदीचा पातळ लेप देऊन वाळवा. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की डाग तांबडा होतो. वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीचे लुगडे धुताना डाग लाल का होतो, याचे उत्तर हेच.

साबण तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून बनतो. त्याच्या कणाचे एक टोक तेल धरते, दुसरे पाणी. म्हणून मळ निघतो. पण त्याबरोबर कातडीचे स्वतःचे तेलही जाते. एकदा धुतल्याने बिघडत नाही, काही तासांत कातडी सावरते. मात्र दिवसातून आठदहा वेळा हात सोड्यात बुडाले, की तिला सावरायला सवडच मिळत नाही. मग भेगा पडतात. भेगाळलेल्या हातांतून फवारणीचे औषध अंगात अधिक शिरते, म्हणून ही गोष्ट केवळ रूपाची नव्हे.

तेव्हा एवढे करा. तान्ह्या बाळाला धुण्याच्या वडीने न्हाऊ घालू नका. विहिरीचे पाणी जड असेल तर साबणाचा चिकट थर अंगावर राहतो. तो नीट धुऊन टाका. हात ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळा. फवारणीनंतर मात्र साबण टाळू नका; लगेच आंघोळ करा.

भेगांवर किंवा चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, कातडी भाजून काळी पडते. कोरडा चुना अंगावर सांडला तर आधी झटका, मग वाहत्या पाण्याने धूत राहा. डोळ्यांत गेला तर निदान वीस मिनिटे पाणी घाला आणि तडक दवाखाना गाठा. चुना आंबटाने मारावा म्हणून त्यावर लिंबू पिळू नका. आम्ल आणि विम्ल भेटले की उष्णता निघते आणि इजा वाढते.

शेताचा सामू बिघडला तर पीक बोलते. कातडीही बोलते, तिचे वेळीच ऐका.