आधी घरं, मग खनिज

डिसेंबर २०२० मध्ये ब्राझीलमधल्या सामार्को कंपनीनं आपली लोहखनिजाची खाण पुन्हा सुरू केली. पाच वर्षांपूर्वी, ५ नोव्हेंबर २०१५ला, मारियाना शहराजवळचं या कंपनीचं फुंदाँव धरण फुटलं होतं. या धरणात पाणी नव्हतं, खनिज काढून घेतल्यावर उरलेला गाळ होता. तो तीन कोटी घनमीटरहून जास्त बाहेर पडला. खालचं बेंतो रॉद्रिगेस गाव त्यात गेलं. १९ माणसं मेली. गाळ रिओ दोसे नदीतून सहाशेहून जास्त किलोमीटर वाहत अटलांटिकला मिळाला. रिओ दोसे म्हणजे गोडी नदी. तिच्या काठच्या क्रेनाक आदिवासींसाठी ती नुसती नदी नव्हे, कुळातलं माणूस आहे.

खाण सुरू झाली तेव्हा बेंतोची माणसं भाड्याच्या घरांत राहत होती. नव्या गावातल्या घरांच्या पहिल्या किल्ल्या हाती पडायला २०२३ उजाडलं.

माझा वाद या क्रमाशी आहे.

खाण सुरू व्हावी म्हणणाऱ्यांचे मुद्दे तीन होते. तिन्ही ऐकून घेण्यासारखे आहेत, म्हणून एकेक घेऊ.

पहिला मुद्दा तंत्राचा: आता धरण नाही, धोका नाही. यात तथ्य आहे. नव्या पद्धतीत गाळातलं पाणी गाळून काढतात, वाळूसारखा भाग कोरडा रचतात आणि उरलेला चिखल जुन्या खाणीच्या खड्ड्यात सोडतात. जुन्यापेक्षा हे नक्कीच बरं. पण गाळ गाळून कोरडा रचण्याचं तंत्र काही २०१५ नंतर जन्माला आलेलं नाही. ते आधीही होतं, फक्त महाग होतं. फुंदाँवचा बांध स्वस्त पद्धतीनं, आधी साठलेल्या गाळावरच पुढचा थर चढवत उंचावलेला होता. तज्ज्ञांच्या २०१६च्या अहवालात त्याची सगळी साखळी आहे. निचऱ्याची व्यवस्था सुरुवातीलाच बिघडली, म्हणून आराखडा बदलला. पुढे डाव्या बाजूला बांधाची रेषा आत सरकवली आणि तो मऊ चिखलावर उभा राहिला. वजन वाढत गेलं आणि ओली वाळू एका क्षणी पाण्यासारखी वाहू लागली. यात दैवी असं काही नाही. ही एकावर एक रचलेल्या तडजोडींची गोष्ट आहे. सॉफ्टवेअरमध्येही आम्ही अशा तडजोडी रोज करतो, पण आमच्या तडजोडींच्या खाली सहसा गाव नसतं.

दुसरा मुद्दा पैशाचा: खाण चालली नाही तर भरपाई कुठून देणार? वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद मुळात खोटा आहे. सामार्कोची निम्मी मालकी वाले कंपनीची, निम्मी बीएचपीची. दोन्ही जगातल्या सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांपैकी. २०१६च्या करारातच लिहिलं होतं, की सामार्कोला जमलं नाही तर या दोघींनी निम्मेनिम्मे भरायचे. म्हणजे भरपाई त्या खाणीवर अवलंबून कधीच नव्हती. शिवाय खाण सुरू झाल्यावर चारच महिन्यांनी, एप्रिल २०२१ मध्ये, सामार्कोनं कर्जदात्यांपासून संरक्षण मागायला कोर्टात धाव घेतली. खाण चालू म्हणजे तिजोरी भरलेली, हे गणित तिथेच फसलं.

तिसरा मुद्दा रोजगाराचा, आणि तोच सगळ्यांत जड आहे. मारियाना शहर खाणीवर जगतं. काम बंद पडल्यावर कंपनीनं परत यावं म्हणून तिथल्या लोकांनीच मोर्चे काढले. गोव्यात २०१२ आणि २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा ट्रकवाले रस्त्यावर आले होते, तसंच हे. तिथलं कारण वेगळं, कोर्टाचं होतं. पण ट्रकचे हप्ते खरे होते आणि शेतात उतरलेली खाणीची मातीही खरी होती. अशा वेळी पोटाला चिमटा बसलेल्या माणसाला बुडालेल्या माणसासमोर उभं केलं जातं आणि कंपनी बाजूला होते. मारियानाच्या शाळांत विस्थापित मुलांना 'चिखलपाये' म्हणून चिडवलं गेलं. गाळ कंपनीचा, डाग मुलांवर! आणि मेलेल्या १९ जणांत बहुतेक त्या खाणीवरच राबणारे होते. त्यांच्याही रोजगाराचं नाव घ्या ना.

'चुकांतून शिकलो' हे वाक्य तर मला ऐकवतच नाही. २५ जानेवारी २०१९ला ब्रुमादिन्योमध्ये वालेचंच दुसरं धरण फुटलं. बांधण्याची पद्धत तीच. वापर थांबलेला होता आणि ते सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र काही महिन्यांपूर्वीच मिळालेलं होतं. कामगारांची खानावळ धरणाच्या पायथ्याशी होती. २७० माणसं गेली. मारियानानंतर वाले काय शिकली, याचं उत्तर त्या खानावळीच्या जागेत आहे.

कोर्टांकडे पाहावं तर नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या न्यायालयानं फौजदारी खटल्यात कंपन्यांना आणि अधिकाऱ्यांना निर्दोष सोडलं. वर्षभरानं लंडनच्या हायकोर्टानं बीएचपीला जबाबदार धरलं. दहा वर्षं लागली. खाण मात्र पाचात सुरू झाली.

मी खाणींच्या विरोधात नाही. हा लेख ज्या यंत्रावर लिहितोय, त्यातही कुठल्यातरी डोंगराचं पोट आहे. माझं म्हणणं एवढंच, की परवानगी ही अभियंत्यांच्या अहवालावर नव्हे, एका यादीवर मिळावी, आणि यादीचा क्रम बदलता येऊ नये. आधी घरांच्या किल्ल्या. मग खालच्या गावात भोंगा. बेंतोत तो नव्हता, लोकांनी एकमेकांना ओरडून सावध केलं. मग बांधाच्या पोटातल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या यंत्रांचे आकडे गावातल्या प्रत्येकाच्या फोनवर, कंपनीला दिसतात त्याच क्षणी. हे शेवटचं काम किती अवघड आहे, असं विचाराल तर सांगतो: आमच्याकडे ते नव्यानं लागलेल्या इंजिनिअरला देतात. आणि या सगळ्यानंतर, खाली राहणाऱ्यांचा होकार.

त्याला वेळ लागेल, असं कंपनी म्हणेल. लागू दे. बेंतोच्या माणसांनी सात वर्षांहून जास्त वाट पाहिलीच की.