सायकल, खंदक आणि टॅक्सवाल्यांचा राजवाडा

जर्मनीतला किल्ला म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बर्फाळ डोंगर, पांढरेशुभ्र मनोरे, एकदम डिस्नेछाप! बव्हेरियातलं ते नॉयश्वानस्टाइन. ऑनसाइट गेलेल्या प्रत्येकाच्या अल्बममध्ये त्याचा एक फोटो असतोच. पण एक गंमत सांगू? त्याचं बांधकाम सुरू झालं १८६९ साली. म्हणजे आपलं व्हीटी स्टेशन आणि हा ‘पुरातन’ किल्ला जवळपास एकाच वयाचे. आपण मात्र व्हीटीतून रोज धक्के खात लोकल पकडतो आणि तिकडे तासन् तास रांग लावतो. असो!

आज जायचंय दुसरीकडेच. डॉर्टमुंडच्या उत्तरेला, म्युन्स्टर शहराच्या चहूबाजूंना पसरलेला म्युन्स्टरलांड नावाचा सपाट, शेतकरी मुलूख आहे. मक्याची शेतं, गाई, विटांची घरं आणि मध्येच झाडीतून डोकावणारा एखादा किल्ला. एक-दोन नाही, शंभराच्या वर! आणि यातले बरेचसे चक्क पाण्यात उभे.

आपल्याकडे जलदुर्ग म्हणजे सिंधुदुर्ग नाहीतर जंजिरा, चारी बाजूंनी खवळलेला समुद्र. इथे समुद्र नाही. खरं तर हे भुईकोटच. पण डोंगरच नसेल तर बिचाऱ्या सरदारानं किल्ला बांधायचा कुठे? जमीन चिकणमातीची, थोडं खणलं की पाणी. मग त्यांनी त्या पाण्यालाच पहारेकरी केलं. रुंद खंदक खणायचा, मधल्या बेटावर लाकडाचे खांब ठोकून त्यावर दगड-विटा रचायच्या, आत जायला एकच पूल. या खंदकाला इथल्या बोलीत ‘ग्रेफ्टे’ म्हणतात. जरा बऱ्या स्थितीतले शेतकरीसुद्धा आपल्या घराभोवती छोटा ग्रेफ्टे खणून घ्यायचे. स्टेटस सिम्बॉल काय आजचा आहे होय!

सुरुवात करायची ती ल्यूडिंगहाउझेन गावातल्या बुर्ग फिशरिंगपासून. साल १२७१. देवगिरीवर रामदेवराय यादव गादीवर आला त्याच सुमाराला म्युन्स्टरच्या बिशपनं हा किल्ला उभारला. कशासाठी? तर शेजारच्या ल्यूडिंगहाउझेन घराण्यावर वचक ठेवायला. बिशप म्हणजे आपण समजतो तसे नुसते धर्मगुरू नव्हते बरं का, इथे ते राज्यही करायचे. १५२१ मध्ये आग लागून किल्ला जळाला आणि मग नव्यानं, जरा शौकिनपणे बांधला गेला. त्यामुळे गोल तटबंदी लढाईची आणि खिडक्या मात्र हौशी, असं मजेशीर मिश्रण दिसतं. आत म्युझियम आहे. लँबर्ट फॉन ओअर या सरदाराची गोष्ट तिथे आवर्जून ऐका. १५२० साली शत्रूच्या माणसांनी त्याच्या गळ्यात काट्यांचं लोखंडी कडं अडकवून कुलूपबंद केलं म्हणे. ते तोडायला बिचाऱ्याला म्युन्स्टरच्या लोहाराकडे जावं लागलं. अप्रेझलच्या आठवड्यात आपलीही अवस्था काही फार वेगळी नसते!

फिशरिंगहून सायकल काढली की आठ-नऊ किलोमीटरवर नॉर्डकिर्शेन. इथे मात्र तोंडाचा आ वासतो. ‘वेस्टफालियाचं व्हर्साय’ हे त्याचं टोपणनाव, आणि ते उगाच नाही. लालभडक विटा, फिकट दगडाच्या कडा, काटेकोर बाग, पाण्यात पडलेलं पूर्ण प्रतिबिंब. हाही बिशपसाहेबांचाच उद्योग. फ्रीडरिश क्रिस्टियान फॉन प्लेटेनबर्ग यांनी १७०३ मध्ये काम काढलं. इकडे त्या वर्षी महाराणी ताराबाई औरंगजेबाशी झुंजत होत्या. बिशप लवकरच वारले, पुतण्यानं काम पुढे नेलं आणि शेवटचा हात फिरवला योहान कॉनराड श्लाउन या आर्किटेक्टनं. पूर्ण झालं १७३४ साली. आपला शनिवारवाडा त्याच्या दोनच वर्षं आधीचा, १७३२ चा.

शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. नॉर्डकिर्शेन उभं आहे, आणि त्यात आज काय चालतं ठाऊक आहे? टॅक्स अधिकाऱ्यांचं कॉलेज! १९५० पासून या राजवाड्यात सरकारी करखात्याची माणसं घडतात. तीन वर्षांचा कोर्स, पहिल्या दिवसापासून स्टायपेंड आणि लेक्चर संपलं की खिडकीबाहेर हंस पोहताहेत. मी गेले तेव्हा हातात जाडजूड फाइल्स आणि पाठीला सॅक लावलेली विशीतली पोरं त्या शाही दगडी पुलावरून अगदी कंटाळलेल्या चेहऱ्यानं चालली होती. सोमवारचा पेपर असावा. टुरिस्ट त्यांचे फोटो काढत होते आणि त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मला हे दृश्य जाम आवडलं. वास्तू जपायची म्हणजे तिला दोरी बांधून ‘हात लावू नये’ची पाटी ठोकायची, असंच आपल्याला वाटतं. इकडे म्युन्स्टरच्या राजवाड्यात विद्यापीठाचं ऑफिस आहे. राएसफेल्डच्या किल्ल्यात कारागिरांची अकॅडमी आहे, गेमेनच्या किल्ल्यात तरुण पोरांची शिबिरं भरतात. आनहोल्टमध्ये तर एका प्रिन्सच्या घराण्याचं खासगी म्युझियम, भिंतीवर खराखुरा रेम्ब्रां! छपराखाली माणसं राबती असली की गळकं कौल लवकर कळतं, एवढा साधा फंडा. पुण्या-नाशिकच्या वाड्यांमधून वाढलेल्यांना मी काय म्हणतेय ते बरोब्बर कळेल.

आता खास मैत्रिणींसाठी. म्युन्स्टरच्या पश्चिमेला ह्युल्सहोफ नावाचा छोटासा, देखणा जलदुर्ग आहे. १७९७ मध्ये इथे जन्मली आनेट फॉन द्रोस्टे-ह्युल्सहोफ, जर्मन भाषेतली मोठी कवयित्री. युरो येण्याआधीच्या २० मार्कांच्या नोटेवर हिचाच चेहरा होता. किल्ल्यात जन्मली म्हणजे लाइफ सेट, असं वाटतं ना? १८२६ साली वडील गेले. किल्ला रीतीप्रमाणे भावाला मिळाला. आनेटला आई-बहिणीबरोबर सामान बांधून पाचेक किलोमीटरवरच्या रुशहाउसमध्ये जावं लागलं. तेव्हा ती होती २९ वर्षांची. म्हणजे तुमच्या-माझ्याच वयाची!

रुशहाउस हे याच श्लाउनसाहेबांनी स्वतःसाठी बांधलेलं घर. पुढून बघाल तर गोठा-कोठारवालं शेतघर, मागून बघाल तर नाजूक हवेली. आनेटच्या वाट्याला आल्या त्यातल्या ठेंगण्या छताच्या चिमुकल्या खोल्या. ती त्यांना ‘गोगलगाईचं घर’ म्हणायची. तिथेच बसून तिनं लिहिलं. १८३८ मध्ये पहिलं पुस्तक आलं, पण घराण्याच्या अब्रूपायी त्यावर आडनाव नाही, नुसती आद्याक्षरं. ते फारसं खपलं नाही. १८४२ मध्ये तिची दीर्घकथा आली, जी जर्मन शाळांतून आजही शिकवली जाते. आणि १८४३ मध्ये या बाईनं काय करावं? दूर दक्षिणेला, मेअर्सबुर्ग गावात, लेक कॉन्स्टन्सकाठी लिलावात बोली लावून द्राक्षमळ्यातलं एक इवलंसं घर विकत घेतलं. पैसे कुणाचे? कवितांच्या पुस्तकाचं मानधन! वय ४६. पाच वर्षांनी ती गेली, त्यामुळे त्या घराचं सुख तिला फार लाभलं नाही. पण कागदावर मालकीण म्हणून नाव तिचं होतं, बापाचं किंवा भावाचं नाही. होम लोनचा पहिला हप्ता भरलेल्या पोरींना हे वेगळं सांगायला नको.

ह्युल्सहोफ ते रुशहाउस ही सातेक किलोमीटरची वाट आज तिच्या नावानं चालता येते. किल्ल्यापेक्षा मला ती वाट जास्त लक्षात राहिली. एका टोकाला कमानी, पूल, पाणी. दुसऱ्या टोकाला ती ठेंगणी खोली. मधे नुसती शेतं.

आता कामाचं. या सगळ्या किल्ल्यांना जोडणारा ‘शंभर किल्ल्यांचा सायकल मार्ग’ आहे, साधारण साडेनऊशे किलोमीटरचा. घाबरू नका, त्याचे चार फेरे पाडलेत आणि एका वीकेंडला दोन-तीन किल्ले पुरे होतात. चढ जवळपास नाहीतच, त्यामुळे कॉलेजनंतर सायकलला हात न लावलेल्यांनाही जमतं. वारा समोरून आला तर मात्र आजी आठवते. सायकल भाड्यानं मिळते. म्युन्स्टर तर सायकलींचंच शहर, तिथल्या बोलीत सायकलला ‘लेझे’ असा खास शब्दही आहे. तुम्ही किंवा तुमचा दादा-वहिनी ड्युसेलडॉर्फ-डॉर्टमुंडकडे असाल तर २०२३ मध्ये सुरू झालेलं महिन्याचं डॉइचलांड-टिकेट काढा. लोकल आणि रिजनल गाड्या त्यात येतात, फास्ट गाड्या नाहीत. सायकल गाडीत चढवायची तर तिचं तिकीट वेगळं. डॉर्टमुंडहून ल्यूडिंगहाउझेनला थेट रिजनल गाडी आहे. सोमवारी बहुतेक म्युझियम्स बंद. नॉर्डकिर्शेनची बाग फुकट, आतल्या दालनांसाठी मात्र गाइडेड टूरची वेळ आधी बघून ठेवा, कारण शेवटी ते कॉलेज आहे.

रविवारी दुकानंही बंद असतात, तेव्हा खाणं शनिवारीच घेऊन ठेवायचं. इथला काळाकुट्ट पुंपरनिकेल ब्रेड घ्या. किमान सोळा तास मंद आचेवर भाजतात. पहिला घास अगदीच विचित्र लागतो. त्यावर लोणी आणि बॅगेतली शेंगदाण्याची चटणी पसरा, आणि मग सांगा!