‘देश तसा वेष’ आता पुरे!

दिवाळीच्या फराळाला घरी कोणी नवा पाहुणा आला, तर आपण त्याच्या हाती नियमांचा कागद देत नाही. अनरसा असा धरावा, आजोबांपुढे अमुक विषय काढू नये, असे छापून दारात उभे राहणारे घर माझ्या तरी पाहण्यात नाही. पाहुण्याला आपल्या घरची रीत ठाऊक नसणारच, हे आपण धरून चालतो आणि घरातले कोणीतरी त्याच्या शेजारी जाऊन बसते. मग हा साधा समंजसपणा कामाच्या ठिकाणी कुठे जातो?

मी शेलारला राहतो. भिवंडीहून वाड्याकडे निघाले, की कामवारी नदीपाशी आमचे गाव लागते. दिवसा पोरांना शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो, शिक्षण मॅट्रिक. आठवड्यातून तीन संध्याकाळी मागावरच्या आणि गोदामांतल्या कामगारांना मराठी लिहा-वाचायला शिकवतो. (परप्रांतीयाने मराठी शिकावी की नाही, हा वाद माझ्याशी कोणी घालू नये. शिकावीच. पण त्याला शिकवणारे किती, तेही मोजावे.)

गेल्या वर्षी माझ्या वर्गात लखनौकडचा एक विशीतला मुलगा येत असे. नुकताच एका गोदामात लागला होता. पहिल्याच दिवशी त्याला एक पत्रक मिळाले. नव्या कामगाराने इतरांच्या चालीरीतींचा मान राखावा, कोणाच्या खाण्यापिण्यावरून बोलू नये, गैरसमज टाळावेत, असा त्यातला मजकूर. मला तो आवडला. वर मीही मास्तरकी केली, “देश तसा वेष, बाबा.”

तिसऱ्या आठवड्यात मुकादमाने त्याला फर्मावले, “खालीवाले खोके पहिले गाडी में डाल.” मुकादम इथलाच. त्याच्या हिंदीतले ‘खाली’ आपल्या मराठीतले, म्हणजे थप्पीच्या तळाचे. मुलाच्या हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामे. त्याने कोपऱ्यातले रिकामे खोके शोधशोधून, इमानेइतबारे गाडीत रचले. मुकादमाला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. दहा माणसांदेखत तो ओरडला, “तू येडा है क्या?”

मुलाला ‘येडा’ लागले नाही, ‘तू’ लागले. आपण आईला ‘तू’ म्हणतो, विठोबालाही ‘तू’ म्हणतो. आपल्या ‘तू’त माया मावते. त्याच्या घरी लहान पोरालाही ‘आप’ म्हणतात. परक्याने चारचौघांत ‘तू’ म्हणणे त्याला कानाखाली मारल्यासारखे वाटले. तो नम्रपणेच म्हणाला, “तू मत बोलिए.” ही शिरजोरी ठरली. झालेल्या दिवसांची मजुरी हाती देऊन संध्याकाळी त्याला वाटेला लावले. साहेबाचे म्हणणे, त्याने गैरसमज टाळायला हवे होते!

मी ते पत्रक पुन्हा वाचले. त्यातला एकही नियम मुलाने मोडलेला नव्हता.

माझे भांडण आहे ते इथे. नव्या माणसाने विचारून घ्यावे, असा उपदेश करणारे सद्गृहस्थ एक गोष्ट विसरतात. ‘खाली’ हा शब्द आपल्याला कळला आहे, अशी ज्याची खात्री आहे, तो विचारील कशाला? जे ठाऊक नाही, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने प्रश्न तरी कोणता करावा? नवखे कुठे अडखळतात, हे जुन्या माणसाने शंभरदा पाहिलेले असते. सांगण्याचे कर्तव्य त्याचे. कोणी म्हणेल, जुने दोनशे आणि नवा एक. दोनशेंनी बदलावे की एकाने? पण आमच्याकडे नवा एक कधीच नसतो. दर आठवड्याला नवी माणसे येतात, आणि तीच ठेच प्रत्येकाला लागते.

आणि भिवंडीत जुना तरी कोण? उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, यांच्या हातांवर हे गाव मोठे झाले. 1982 च्या गिरणीसंपानंतर मुंबईचे पुष्कळ काम आमच्या मागांकडे आले, त्याबरोबर आणखी माणसे आली. आपले कोकणातले आणि घाटावरचे आजे-पणजे गिरणगावात गेले, तेव्हा तेही नवखेच होते. ‘घाटी’ ही शिवी कोणी कोणाला दिली, हे आपण इतक्यात विसरलो?

जपून बोलायला हवे, कारण आमच्या गावाच्या नावाला 1970 आणि 1984 च्या दंगली चिकटलेल्या आहेत. त्या रक्तपाताला गैरसमज म्हणणे पाप होईल. तिथे द्वेष होता. पण त्यानंतरची गोष्ट सांगतो. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही धर्मांची माणसे आणि पोलीस, भांडण नसतानाही एकत्र बसू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी लोकांना पत्रके वाटून घरी धाडले असते, तर काय झाले असते, ते वाचकांनीच ठरवावे.

गोदामाच्या मालकांकडे माझे मागणे फार नाही. पत्रक छापायचेच, तर ते मुकादमाच्या हाती द्या. सहा महिने जुना झालेला एक कामगार पहिला आठवडा नव्याबरोबर जोडून द्या, आणि त्या सांगण्याच्या वेळेचीही मजुरी मोजा. फुकट सांगा म्हटले, की कोणी सांगत नाही. मास्तर असल्यामुळे हे मला चांगले ठाऊक आहे.

तो मुलगा आता शेलारलाच मागावर आहे. मला ‘आप’ म्हणतो. मी त्याला ‘तू’ म्हणतो, पण आधी विचारून. मुकादम मध्यंतरी नदीनाक्यावर भेटला. चहा घेता घेता मी त्याला ‘खाली’चे दोन अर्थ सांगितले. तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला.

“मास्तर,” तो म्हणाला, “हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.”